सिडी भाड्याने मिळेल

ब्रह्मपुरीहून सुटलेली एसटी वैनगंगा ओलांडते, वडसा मागे टाकते आणि मग कुरखेड्यापर्यंत दोन्ही अंगांना धानाशिवाय काही दिसत नाही. आश्विनात हे धान पाहावं. लवकर येणारं हलकं धान पिवळं पडू लागलेलं, उशिराचं भारी धान अजून हिरवं, लोंबीत नुकतं दूध भरत असलेलं. खिडकीतून ओलसर, गोडूस वास येतो. तो आला की मला भूक लागते आणि भुकेच्या मागोमाग हसू येतं. परवाही आलं. एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, काठीला बांधलेलं काहीतरी लख्खकन चमकलं, फिरलं, पुन्हा चमकलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "कोनं तं ताटली टांगून ठेवली वाटते."

"ताटली नाई मावशी, सिडी होय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काठीकडे पाहिलं. "एवढीशी?"

त्यांची काही चूक नव्हती. आमच्या बोलीत 'श' फारसा टिकत नाही. घरावर चढायच्या शिडीला आम्ही सिडीच म्हणतो, आणि गाण्या-सिनेमाच्या चकतीलाही सिडीच. दोन्ही एकाच वेळी कोणी मागत नाही, म्हणून निभतं. आमच्या घरी मात्र एका मोसमात हे निभलं नाही, आणि निभलं नाही तेच बरं झालं.

घराची रस्त्याकडची खोली म्हणजे बाबांचं दुकान. दारावर पेंटरने निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सिडी भाड्याने मिळेल'. खाली बारीक अक्षरांत 'प्लेअरसहित'. पेंटर जीपच्या मागे 'पुन्हा भेटू' लिहिणारा होता, त्यामुळे बोर्डाच्या कोपऱ्यात त्याने न सांगता एक गुलाबही काढला होता. आत भिंतीभर मारधाडीचे हिंदी पिक्चर, हिवाळ्यात गावोगाव होणाऱ्या नाटकांची आणि दंडारीच्या खेळांची चित्रणं, बुद्ध-भीमगीतं, भजनं, आणि बाबांनी स्वतः शूटिंग केलेली लग्नं. लग्नाची एक प्रत घरच्यांना आणि एक आपल्याकडे, असा त्यांचा नियम होता. घरच्यांकडची हरवते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं, पण हरवलेली मागायला मात्र कोणी कधी आलं नाही.

बाबा सायकलच्या कॅरिअरवर टीव्ही बांधून धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांपर्यंत जात. संध्याकाळी गावाच्या मधोमध पिक्चर लावत, सकाळी परत येत. अशा एका गावात त्यांना चैतूभाऊ हा गोंड मित्र भेटला. तो पिक्चर कधीच पूर्ण पाहत नसे. मारामारी सुरू झाली की उठून जाई आणि संपली का म्हणून विचारायला पुन्हा येई.

या धंद्यात बाबांना मिळालेली मोठी गोष्ट म्हणजे एक शब्द. आमच्या आज्याला गाव 'ए' म्हणून हाक मारायचं. त्याच्याहून लहान माणसंसुद्धा. आजा दुसऱ्याच्या बांधीत चिखल तुडवायचा आणि 'ए' ऐकून मान वर करायचा. बाबाही तरुणपणी 'ए'च होते. दुकान निघालं आणि त्यांना लोक 'सिडीवाले भाऊ' म्हणू लागले. ज्यांच्या घराची पायरी आजा कधी चढला नव्हता त्यांच्या घरचे लोकही दारात येऊन विचारत, "सिडीवाले भाऊ हायेत का?" बाबा घरात असले तरी लगेच ओ देत नसत. दुसऱ्यांदा हाक येऊ देत. आई म्हणायची, कान गेले का तुमचे. कान शाबूत होते. त्यांना तो शब्द दोनदा ऐकायचा असे.

मग मोबाइल आले. आधी लोक मोबाइलमध्ये गाणी भरून घ्यायला येत, मग तेही यायचे थांबले. बाबा सकाळी दुकान उघडत, फडक्याने सीड्या पुसत आणि दुपारी बंद करत. एक दिवस रस्त्याने जाताना मोटरसायकलवरचं एक कालचं पोर त्यांना म्हणालं, "ए, बाजूनं चाल न बे." ते घरी आले आणि पाणी प्यायले. जेवताना एवढंच म्हणाले, "दुकान गेलं तं जाऊ दे. भाऊ जाऊ नाई."

हे मला आईने सांगितलं. मी तेव्हा ब्रह्मपुरीला कॉलेजात होते, शनिवारच्या गाडीने घरी येत असे. त्या वर्षी पोळ्याच्या आधीच आईने फर्मान काढलं होतं: धान घरात यायच्या आत खोली रिकामी पाहिजे. मागच्या वर्षी पोती पडवीत राहिली होती आणि उंदरांनी तिथे संसार मांडला होता. तिचं म्हणणं रास्त होतं. बाबांचं म्हणणं रास्त नव्हतं, पण पक्कं होतं.

"खोली देतो," ते म्हणाले. "पन एकबी सिडी फेकणार नाई."

"मंग काय करता तिचं? लोनचं घालता?"

"कामाले लावतो."

भंगारवाल्याने आधीच हात वर केले होते. हे काच नाही, लोखंड नाही, घेऊन काय करू, असं म्हणून तो गेला होता. आईने दोन-चार चुलीत घालून पाहिल्या तेव्हा असा वास सुटला की शेजारचा कुत्रा उठून दुसऱ्या गल्लीत गेला. फेकायच्या तर उकिरड्यावर. आणि उकिरडा म्हणजे गावाच्या नजरेसमोर. बाबांच्या हट्टाचं मूळ तिथे होतं. सीड्या उकिरड्यावर दिसल्या की सिडीवाले भाऊ संपले, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. शहाण्या माणसाने यावर वाद घातला असता. मी घातला नाही, कारण मला तो शब्द त्यांच्याइतकाच प्रिय होता.

आमच्या घराने मग जे रूप घेतलं त्याला तोड नाही. दर शनिवारी मी दारात पाऊल टाकलं की घर नव्या जागी चकाकत असे. पाण्याच्या माठावर सीडीचं झाकण आलं. आई म्हणाली, भोकातून मुंग्या जातात. बाबांनी दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा तुकडा तासून त्या भोकात ठोकला. भोकही बुजलं आणि झाकणाला धरायला मूठही झाली. ते झाकण त्यांनी आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला उघडून दाखवलं, तहान असो वा नसो. उदबत्ती सीडीत उभी राहिली. चहाचा कप सीडीवर बसला. न्हाणीच्या खिडकीला सीड्यांची जाळी लागली आणि सकाळच्या उन्हात आंघोळ करणाऱ्याच्या अंगावर सात रंग नाचू लागले. आई म्हणे, आपलं घर आहे की जत्रेतला पाळणा.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांनी लाकडी बैल मिरवायच्या सणाला, गल्लीतल्या पोरांच्या लाकडी नंद्यांना बाबांनी सीड्यांची चाकं बसवून दिली. चाकं नंदीपेक्षा मोठी झाली. नंदी पुढे झुकून, शेपटी वर करून चालू लागले. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं, पण आमच्या गल्लीचे नंदी लोकांच्या लक्षात राहिले.

दाढीचा आरसा फुटला तेव्हा नवा आणायचा नाही असं ठरलं. खिळ्याला सीडी टांगून बाबा दाढी करू लागले. तीत गाल दिसत, हनुवटी दिसे, मिशी दिसे, पण नेमकं नाकाच्या जागी भोक येई. आई दारातून पाहत होती. ती सहज बोलून गेली, "नाकच नाई दिसत तुमचं. दुकानासंगंच गेलं वाटते."

बाबांचा वस्तरा थांबला. आईच्याही लक्षात आलं. ती दाराला धरून उभी राहिली, मग आत गेली आणि बराच वेळ तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच. बाबांनी दाढी पूर्ण केली. तोंड पुसून ते मला म्हणाले, "सिडी उलीशीक खाली टांगाले पाह्यजे. मंग नाक बराबर दिसते." त्यांनी खिळा काढला आणि चार बोटं खाली ठोकला. मग नाक दिसू लागलं आणि कपाळ दिसेनासं झालं. कपाळाची काळजी नाही, ते म्हणाले.

मला बाबांचा तो खिळा ठोकतानाचा चेहरा अजून दिसतो. माणसं हरल्यावर रडतात, चिडतात, दारू पितात. आमचे बाबा हातोडी घेऊन खिळा चार बोटं खाली सरकवत होते. मी त्या दिवशी ठरवलं की आता हसायचं ते त्यांच्या बाजूने हसायचं.

पुढे एकेक उपाय खरोखर लागू पडत गेला. छताला टांगलेल्या शिंक्याच्या दोरीत बाबांनी मधोमध एक सीडी ओवली. उंदीर दोरीवरून उतरायचा, सीडीवर पाय ठेवायचा आणि घसरून थेट जमिनीवर. आईने पहिला उंदीर पडताना पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तुपाचं भांडं तिने शिंक्यात ठेवलं. आईच्या तोंडून शाबासकी हवी असेल तर तिची भांडी कुठे ठेवली आहेत ते पाहावं. करंजीची कड कापायला एक सीडी तिने स्वतःच मिठाच्या डब्यामागे लपवली होती. विचारलं तर म्हणे, मला काय ठाऊक, उंदरांनी नेली असेल.

धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या आणि पोपटांचे थवे उतरू लागले तसे बाबा बांधीत गेले. काठ्या रोवल्या, सुतळीने सीड्या बांधल्या. वारा आला की त्या फिरत, उन्हाचे कवडसे लोंब्यांवरून पळत, आणि पोपट शिवी दिल्यासारखं ओरडून दुसऱ्याच्या बांधीत जात. दुसराही मग सीड्या मागायला येई. तिसराही येई. बाबा कोणाला नाही म्हणत नव्हते. "कोनती देऊ?" असं मात्र ते विचारत, जुन्या सवयीने. एकाने खरंच सांगितलं, "मारामारीची द्या भाऊ, पोपट लय माजले."

वानरांनी मात्र बाबांना जुमानलं नाही. छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फोडतात म्हणून ओळीने सीड्या टांगल्या होत्या. आठवडाभर वानरं लांबून फिरली. मग एका दुपारी एक थोराड वानर आलं, त्याने एक सीडी सुतळीसकट उपटली आणि छपराच्या आढ्यावर बसून तीत आपलं तोंड पाहू लागलं. दात पाहिले, कान पाहिले, सीडी उलटी करून मागे कोण आहे तेही पाहिलं. आई अंगणातून म्हणाली, "उठा, दुकान उघडा. गिऱ्हाईक आलं." त्या दिवशी बाबा कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, विहारात सजावट करायची होती. बाबांनी बांबूच्या कामट्यांचं मोठं कडं केलं, निळ्या कागदाने मढवलं, आरे केले आणि आऱ्यांच्या टोकांना सीड्या लावल्या. चक्र विहाराच्या दारावर चढलं आणि दुपारचं ऊन त्यावर पडलं तेव्हा पांढऱ्या साड्यांमधल्या बाया दारातच थांबून वर पाहू लागल्या. वंदना संपल्यावर सगळ्यांत म्हाताऱ्या आजीने बाबांना बोलावून घेतलं. "भाऊ, तुमच्या सिडीत आज पह्यल्यांदा काई चांगलं दिसलं," ती म्हणाली. बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, लाजले. ते 'भाऊ' साठवून ठेवत होते.

तरी खोलीत सीड्या उरल्याच होत्या आणि हलकं धान कापणीला आलं होतं. आणि बोर्डाचा प्रश्न आईने काढला. खोलीत धान येणार, मग दारावर बोर्ड कशाला? तो काढून न्हाणीला दार म्हणून लावू. लाकूड चांगलं आहे. बाबा म्हणाले, "बोर्डाले हात नाई लावाचा." आई म्हणाली, "खोटा बोर्ड होय तो आता." खोटेपणाचं त्यांना वावडं होतं. ते स्टूल घेऊन बोर्डाखाली उभे राहिले. चढले मात्र नाहीत.

तेवढ्यात एक माणूस सायकलवरून उतरला. दिवाळी तोंडावर आलेली, त्याला घर चुन्याने पोतायचं होतं. शेजारच्या गावचा होता, नवखा. त्याने बोर्ड वाचला आणि विचारलं, "भाऊ, सिडी भेटन का? दोन रोज पाह्यजे होती."

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कसं सांगू. त्यांनी स्टूल बाजूला ठेवलं. "भेटन ना. कोनती पाह्यजे?"

"लांब असन तं बरं."

"तीन तासाची हाये."

तो माणूस गोंधळला. "तासाचं काई नाई. आढ्यालोक पोचली पाह्यजे. जुनी असन तरी चालते, फक्त मधात मोडाले नाई पाह्यजे."

"मधात अटकत नाई, मी सोता पाह्यली," बाबा छातीवर हात ठेवून म्हणाले.

"तुमी चढून पाह्यली?"

"चढून?"

माझ्या आधी आईच्या ध्यानात आलं. ती पदर तोंडात धरून खाली बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. तो माणूस आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. बाबा हसत नव्हते. ते वर बोर्डाकडे पाहत होते, एकेक अक्षर वाचत होते. मग त्या माणसाकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "आज नाई हाये. परवा ये. भेटन."

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते धानोऱ्याच्या गाडीत बसले. चैतूभाऊच्या घरामागच्या वाडीत त्याने स्वतः लावलेले बांबू होते. चैतूभाऊने आधी सगळं ऐकून घेतलं. "म्हन्जे तुमाले चढाची सिडी पाह्यजे," तो म्हणाला. "अन् ते गोल गोल होती ते?"

"ते संपली."

"बरं झालं. तिच्यात लय मारामारी होती."

दोघांनी मिळून शिडी केली. चैतूभाऊ स्वतः ती जीपच्या टपावर बांधून, सोबत बसून, कुरखेड्याला घेऊन आला. अंगणात उतरवल्यावर आईला म्हणाला, "जोहार बाई. पाहा, पक्की हाये." आणि तिला दाखवायला म्हणून तो वरच्या पायरीपर्यंत चढून, तिथूनच चहा मागून, खाली आला. लांब सामान नेताना टोकाला लाल फडकं बांधतात. बाबांनी शिडीच्या वरच्या टोकाला सीडी बांधली, संध्याकाळी रस्त्याने नेताना गाडीच्या उजेडात दिसावी म्हणून. ठरल्याप्रमाणे तो माणूस आला आणि खांद्यावर शिडी घेऊन गेला. मागे सीडी चमकत गेली. बाबा रस्त्याच्या वळणापर्यंत पाहत होते.

त्या दिवाळीत शिडी एकदाही अंगणात टेकली नाही. पोतायला, कवेलू फेरायला, आकाशकंदील लावायला, एकाच्या घरचं केबलच्या वायरीत अडकलेलं मांजर काढायला लोक येत राहिले. दारात उभं राहून तीच जुनी हाक. बाबांनी पुन्हा पहिल्या हाकेला ओ देणं बंद केलं. धान खोलीत आलं. शिडीला खोली लागत नाही, बाहेरची भिंत पुरते. उरलेल्या सीड्या बाबांनी पोत्यांखाली अंथरल्या, ओल लागू नये म्हणून. बोर्ड जागेवर राहिला. त्यावरचं एक अक्षरही बदलावं लागलं नाही, फक्त 'प्लेअरसहित' एवढं बाबांनी चुन्याने पुसलं. गुलाब ठेवला.

नंतर मी नोकरीला लागले, चंद्रपूरला राहायला गेले. तिथे माझ्या बाल्कनीत कबुतरांसाठी टांगलेली सीडी पाहून सोसायटीतल्या बाया मला जरा वेगळी समजतात. समजू देत. ज्या घरात हार मानायच्या आधी घरातली प्रत्येक वस्तू एकदा कामाला लावून पाहतात, त्या घरची मी आहे.

परवा घरी पोचले तेव्हा बाबा ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. आता ते शिडीवर चढत नाहीत, फक्त देतात. शिड्याही आता बऱ्याच आहेत, भिंतीला टेकलेल्या. मी चहा घेत होते तोवर फाटकाशी एक मुलगी आली. दवाखान्यात नव्याने आलेली नर्स, पुण्याकडची. भाड्याच्या खोलीत पंखा लावून घ्यायचा होता.

"सिडीवाले भाऊ इथेच राहतात ना?" तिने विचारलं.

बाबांनी तेलाची बाटली बंद केली. झाकण पुन्हा एकदा आवळलं. मी कपाआड हसू लपवलं.

"सिडीवाले भाऊ?" तिने पुन्हा विचारलं.

"हो, या," बाबा म्हणाले.

तिने लहान शिडी निवडली. उचलायला गेली तेव्हा टोकाला बांधलेली चकती तिच्या हाताशी आली. तिने ती उन्हात फिरवून पाहिली. सात रंग तिच्या पांढऱ्या ड्रेसवर आले. तिच्या वयाच्या मुलीच्या हातात ही वस्तू कदाचित कधी आलीच नसेल.

"हे काय आहे, भाऊ?"

"हे होय आमची पह्यली सिडी."

तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे. ती हसली. "हिच्यावर कसं चढणार?"

बाबा भिंतीला धरून उठले आणि शिडीचं दुसरं टोक त्यांनी हातात घेतलं.

"आमी चढलो ना, बाई," ते म्हणाले.